दिवाणजींच्या हातात बसलेली टॅली

मोठी सॉफ्टवेअर कंपनी म्हटलं की लोकांना इन्फोसिस आठवते, टीसीएस आठवते. पण पेठेतल्या दुकानदाराचा रोजचा व्यवहार ज्या कंपनीने बदलला ती बंगळूरची टॅली. इचलकरंजीत मी सूत व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते, म्हणून हे ठामपणे सांगते.

तिचा जन्मही कापडधंद्यातलाच. श्यामसुंदर गोयंका गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. मनासारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी गणित शिकलेल्या आपल्या मुलाला, भरतला, ते तयार करायला सांगितलं. १९८६ साली बापलेकांनी प्युट्रॉनिक्स सुरू केली; १९९९ मध्ये तिचं नाव टॅली सोल्यूशन्स झालं.

तोवरच्या पॅकेजांत खात्यांना कोड द्यावे लागत. वहीत असं कोण लिहितं? गोयंकांनी कोड काढूनच टाकले. खातं पार्टीच्या नावानेच उघडायचं, दिवाणजी उघडत तसं. माझ्या मते टॅलीचं सगळं यश या एका निर्णयात आहे.

समजा ३२ काउंट सुताची दहा बाचकी विकली. एफ-८ दाबलं की विक्रीचं व्हाउचर उघडतं. नावाची दोन-तीन अक्षरं मारली की पार्टी समोर येते. पार्टी नवी असेल तर ऑल्ट-सी. हातातलं व्हाउचर न सोडता तिथेच खातं तयार. वजन, दर भरायचा आणि कंट्रोल-ए. त्याच क्षणी रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, मालाचा साठा, सगळीकडे नोंद पोचते. माउसला हात लावावा लागत नाही. तेरजेतला पाच पैशांचा फरक शोधत रात्र काढणाऱ्यांनाच याची किंमत कळेल.

कंपनीचा धंदा परवान्यावर चालतो. एकट्यासाठी सिल्व्हर, जास्त जणांसाठी गोल्ड; एकदा घेतला की कायमचा. पुढच्या आवृत्त्या आणि जोडसेवा हव्या असतील तर वेगळी वर्गणी. विक्री गावोगावच्या पार्टनरांमार्फत होते, आणि अडलं की गावचा पार्टनरच दुकानात येऊन बसतो. चोरट्या प्रतींनी कंपनीचं फार नुकसान केलं. तरी २००५चा व्हॅट, २०१७चा जीएसटी असा कर बदलला की अद्ययावत, अधिकृत प्रत घेण्यावाचून गत्यंतर नसे.

मला मोलाचं वाटतं ते मात्र वेगळंच. पेढीवर नोकरी मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "टॅली येतं का?" बारावी कॉमर्स झालेल्या, पुढे शिकायला पैसे नसलेल्या कितीतरी मुली एवढ्या एका कोर्सवर कमावत्या झाल्या. पूर्वी पेढीच्या गादीवर बाई दिसायची नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. जुन्या तारखेचं व्हाउचर उघडून आकडा बदलला तर आधीच्या आकड्याचा मागमूस राहत नसे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना बदलांची नोंद ठेवणारं आणि ती बंद न करता येणारं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक झालं. टॅलीने त्यासाठी एडिट लॉगची आवृत्ती काढली. माझे बहुतेक व्यापारी प्रोप्रायटर, नाहीतर भावाभावांच्या भागीदारीतले. त्यांना हा नियम लागू नाही. तरी मी सगळ्यांना एडिट लॉग चालू ठेवायला लावते. बदललेल्या एका उचलीच्या नोंदीवरून सख्ख्या भावांची पेढी फुटलेली मी पाहिली आहे. आता वाद निघाला तर कोणी, कधी, काय बदललं ते दोघांना एकाच स्क्रीनवर दाखवता येतं.