आधी पार्सल ऑफिस, मग समुद्र

कोकण रेल्वेने गेलो, पण समुद्र काही दिसला नाही, अशी तक्रार नवखे प्रवासी हटकून करतात. तक्रार खरी आहे. 1998 साली पूर्ण सुरू झालेला हा मार्ग किनाऱ्यापासून बराच आतून जातो. रत्नागिरीच्या अलीकडे तर साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा लागतो. रूळ आणि लाटा यांच्यामधला हा डोंगराळ पट्टा सायकलने पाहावा, असे माझे मत आहे.

बेत आखताना बहुतेक जण नकाशा पसरतात आणि किनाऱ्यावरची गावे जोडत सुटतात. मी आधी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात जातो. सायकल तिकिटाबरोबर फुकट नेता येत नाही. ती रीतसर बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये चढवावी लागते. गाडी दोनच मिनिटे थांबणार असेल तर आपण फलाटावर आणि सायकल पुढच्या गावाला, अशी पाळी येऊ शकते. म्हणून उतरायचे स्टेशन सृष्टिसौंदर्यावरून न ठरवता तिथला बाबू काय म्हणतो त्यावरून ठरवावे. जाता-येता रत्नागिरी धरणे मला सगळ्यांत बिनघोर वाटते.

तिथून आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे साधारण पंचवीस किलोमीटर. एका वळणावर समुद्र असा अचानक समोर येतो की ब्रेक आपोआप दाबला जातो. पहिला मुक्काम इथेच. पुढे वीसेक किलोमीटरवर जयगड. तिथे शास्त्री नदीची खाडी आडवी येते आणि रस्ता संपतो. फेरीबोटीत सायकल घालायची आणि पलीकडे तवसाळला उतरायचे. मग हेदवी, वेळणेश्वर, पालशेत करत गुहागर. अंतर फार नाही. पण प्रत्येक गाव खाली, समुद्रालगत, आणि दोन गावांच्या मध्ये सडा. उतरलेले सगळे पुन्हा चढावे लागते. नकाशावरच्या किलोमीटरांवर इथे विसंबू नये. चढावर सायकल हातात धरून चालायला लाज कसली? काजूची झाडे तेव्हाच नीट दिसतात.

परत त्याच रस्त्याने यायचे म्हटले की सोबती नाक मुरडतात. वास्तविक तो रस्ता तोच राहत नाही. जातानाचे चढ उतार होतात. हिवाळ्यात दुपारनंतर वारा समुद्रावरून, बहुधा वायव्येकडून येतो. उत्तरेला जाताना तो तोंडावर बसतो म्हणून पहाटे निघावे, दक्षिणेला येताना तोच पाठीशी असतो. ज्यांना पुनरावृत्ती नकोच, त्यांनी गुहागरहून चिपळूणला, पंचेचाळीसेक किलोमीटर, जावे; मात्र तिथे सायकल गाडीत चढवून मिळेल का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

पावसाळ्यात हा बेत नको. तेव्हा रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि फेरीचा भरवसा नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. फार वर्षे पुढेही ढकलू नये. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या आराखड्यात जयगडच्या खाडीवरही पूल आहे. पूल गावकऱ्यांना हवाच. रात्री-अपरात्री आजारी माणूस पलीकडे न्यायचा तर फेरीची वाट कोण पाहणार? पण तोवर बोटीच्या कठड्याला सायकल टेकवून, मासळीच्या टोपल्यांशेजारी उभे राहून, जयगडचा किल्ला हळूहळू मागे सरकताना पाहता येतो.