राजीनामा द्यायला लावण्याचं तंत्र

नोकरी का सोडली, असं विचारलं की बहुतेक जण साहेबाचा उद्धार करतात. साहेब खडूस होता, पाण्यात पाहायचा, चारचौघांत पाणउतारा करायचा. हे खोटं नसतं; पण साहेबाला तसं वागणं का परवडतं, किंबहुना तसं वागल्याचं त्याला काय मिळतं, हे विचारायचं राहून जातं. फ्रान्स टेलिकॉमच्या, म्हणजे आजच्या ऑरेंज कंपनीच्या खटल्यात ते विचारलं गेलं. 2004 मध्ये या कंपनीतला सरकारचा हिस्सा निम्म्याखाली आला, तरी बहुसंख्य कर्मचाऱ्यांचा सरकारी नोकराचा दर्जा कायम राहिला. त्यांना काढता येत नव्हतं, आणि कंपनीला तर 2006 ते 2008 या काळात सुमारे 1,20,000 पैकी 22,000 माणसं कमी करायची होती. मग त्यांनी आपण होऊन जावं अशी व्यवस्था झाली. लोक या ना त्या मार्गाने, खिडकीतून नाहीतर दारातून, जातीलच, असं प्रमुख दिदिए लोंबार यांनी अधिकाऱ्यांना 2006 मध्येच सांगून ठेवलं होतं. सक्तीच्या बदल्या झाल्या, मुरलेल्या तंत्रज्ञांना कॉल सेंटरवर विक्रीला बसवलं, काहींना कामच दिलं नाही. किती माणसं गेली यावर व्यवस्थापकांच्या बोनसचा काही भाग ठरत असे. अशा ठिकाणी भला साहेब कसा टिकणार?

कंपनीवर कर्ज होतं, स्पर्धा होती, हा बचाव अगदीच पोकळ नव्हता. पण माणसं कमी करणं हा गुन्हा आहे असं न्यायालय म्हणालंच नाही. ज्या रीतीने ती कमी केली, ती रीत गुन्हा ठरली. या काळात काही कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या; पण आत्महत्येला एकच एक कारण नसतं, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. मात्र आरोप मृत्यूचा नव्हता, मानसिक छळाचा होता. न्यायालयापुढच्या 39 जणांपैकी 19 जणांनी आत्महत्या केली होती, 12 जणांनी प्रयत्न केला होता, बाकीचे नैराश्याने खचले होते. डिसेंबर 2019 मध्ये कंपनी आणि लोंबार दोषी ठरले. शिक्षा सौम्यच, कंपनीला दंड अवघा 75,000 युरो. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च पातळीवर शिक्कामोर्तब झालं ते मात्र मोलाचं: धोरणच छळाचं असू शकतं, छळणारा आणि छळलेला समोरासमोर आलेच पाहिजेत असं नाही.

फ्रान्सचं ठीक आहे, आपल्याकडे न पटलं तर माणूस दुसरी नोकरी धरतो, असं कोणी म्हणेल. फ्लॅटचा हप्ता आणि तीन महिन्यांचा नोटीस पीरियड डोक्यावर असताना ते वाटतं तितकं सोपं नसतं. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांतून सक्तीच्या राजीनाम्यांच्या तक्रारी अधूनमधून कामगार खात्याकडे जातात. पण कागदावर राजीनामा ‘स्वेच्छेने’ दिलेला असल्यामुळे सिद्ध करायचं काय, इथेच गाडी अडते. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे. मानसिक छळासाठी मात्र तसा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे बहुतेकांची तक्रार जाते ती एचआरकडे, आणि राजीनामा लिहून द्या असं सांगायलाही बहुधा एचआरचाच माणूस आलेला असतो.