असममित स्पिनेकर

वारा मागून अथवा मागच्या बाजूने तिरपा येत असता छोट्या शर्यती होडीवर मुख्य शीड व जिब यांच्या जोडीला उभारण्यात येणारे, पातळ नायलॉन कापडाचे मोठे व फुगीर शीड. याची पुढची उभी कड मागच्या कडेपेक्षा लांब असते, म्हणून ते असममित होय. त्याच्या वरच्या कोपऱ्यास हेड, पुढील खालच्या कोपऱ्यास टॅक व मागील खालच्या कोपऱ्यास क्लू म्हणतात.

सममित स्पिनेकर डोलकाठीला जोडलेल्या आडव्या दांड्यावर ताणतात आणि होडीने बाजू बदलली की तो दांडा दुसऱ्या बाजूस न्यावा लागतो. असममित स्पिनेकरचा टॅक नाळेपुढे आलेल्या बाऊस्प्रिट नावाच्या सोटाच्या टोकाशी असतो. त्यामुळे हा खटाटोप वाचतो. ऑस्ट्रेलियातील १८ फुटी स्किफ होड्यांवर ही पद्धत १९८० नंतरच्या दशकात रुजली. ज्यूलियन बेथवेट यांनी आखलेली फॉर्टीनाइनर ही दोघांची होडी सु. ५ मी. लांब आहे. तिची मुख्य शीड व जिब मिळून सु. २१ चौ. मी., तर स्पिनेकर एकटे सु. ३८ चौ. मी. भरते. सिडनी ऑलिंपिकपासून (२०००) ती ऑलिंपिक शर्यतींत आहे. टोकिओ येथे २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिकमध्ये के. सी. गणपती व वरुण ठक्कर या भारतीय जोडीने तीच वल्हविली नव्हे, शिडावर हाकली.

हे शीड वारा अडविणारी पिशवी नसून पंखासारखे काम करते. ते कडेवरून वाहत जाणाऱ्या हवेवर चालते, म्हणून सरळ वाऱ्याबरोबर जाताना मुख्य शिडाच्या आडोशात ते निर्जीव लोंबते. समजा, वाऱ्याचा वेग १२ नॉट आहे. सरळ वाऱ्याबरोबर ५ नॉट वेगाने जाणाऱ्या होडीला ७ नॉटच वारा जाणवेल. तीच होडी ४० अंश तिरपी वळवून ९ नॉट वेगाने धावली, तर जाणवणारा वारा सु. ७·७ नॉट होतो व तो जवळजवळ काटकोनात येतो. अंतर सु. ३० टक्क्यांनी वाढते खरे, पण इच्छित दिशेने होणारी प्रगती ५ ऐवजी सु. ६·९ नॉट असते. वाटेत वाऱ्याची दिशा बदलली नसताही होडीला वारा पुढून येऊ लागल्यासारखा भासतो, तो याच कारणाने.

दोऱ्यांची जुळणी किनाऱ्यावरच पारखावी. हेडला हॅलयार्ड ही वर ओढण्याची दोरी व टॅकला सोटाच्या टोकातून जाणारी दोरी बांधतात. क्लूपासून निघणाऱ्या दोन शीट दोऱ्यांपैकी एक सरळ आपल्या बाजूने मागे येते. दुसरी जिबच्या पुढील तारेस वळसा घालून, पण टॅकच्या दोरीच्या आतून, पलीकडच्या बाजूस नेतात. ती सोटाच्या टोकाबाहेरून गेली तर खाली घसरून होडीखाली अडकते. शिडाच्या मध्यावर शिवलेल्या ठिगळास परतीची दोरी बांधलेली असते व तिच्यायोगे शीड नाळेजवळच्या नळीत ओढून घेतात.

उभारताना होडी जवळजवळ सरळ वाऱ्याबरोबर वळवितात, म्हणजे शीड आडोशात न फुगता वर जाते. हॅलयार्ड झपाट्याने पूर्ण ओढून मगच शीट ताणावी व सुकाणू किंचित वाऱ्याकडे घ्यावे. वेग येताच होडी पुन्हा खाली वळते. शीट हळूहळू सैल सोडत न्यावी; पुढची कड जरा आत मुडपू लागली की थोडी ओढावी. ही कड सतत न्याहाळणे हेच साथीदाराचे मुख्य काम होय.

झोत आला की नवशिक्या सवयीने वाऱ्याकडे वळतो. इतर वेळी हे योग्य असले, तरी स्पिनेकर उभे असता त्याने होडी अधिक कलते, सुकाणू पाण्याबाहेर येते व ती उलटते. अशा वेळी वाऱ्यापासून दूर वळावे आणि शीट सोडावी. जाणवणारा वारा घटतो व होडी सावरते. मुख्य शिडाची दोरी मात्र एकदम मोकळी सोडू नये, कारण मागून आधार देणारी तार नसलेल्या डोलकाठीच्या शेंड्याला त्याच शिडाच्या कडेचा ताण सांभाळत असतो.

उतरविताना पुन्हा आडोसा साधतात. परतीच्या दोरीतील ढिलाई आधी काढून घ्यावी व नंतरच हॅलयार्ड आणि टॅकची दोरी सोडावी. क्रम उलटला तर शीड पाण्यात पडते आणि धावती होडी त्यावरूनच जाते. खडकाळ किंवा गर्दीच्या पाण्यात हे महाग पडते. शर्यतीनंतर शीड गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवितात, कारण उन्हाने नायलॉन लवकर कमजोर होते.