नाटो आमच्या तरीला आडवा आला!

आरोंदा हे आमचे गाव. तेरेखोलच्या खाडीच्या काठी वसलेले. आज ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडते. पण माझ्या लहानपणी ‘सिंधुदुर्ग’ म्हणजे मालवणच्या समुद्रातला शिवाजी महाराजांचा किल्ला, आणि आम्ही सारे रत्नागिरी जिल्ह्याचे. खाडीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे किरणपाणी. तिकडेही तेच माड, तीच भातशेती, तोच पाऊस. पण मधल्या पाण्यातून डोळ्यांना न दिसणारी एक रेघ गेली होती. रेघेच्या अलीकडचा माणूस हिंदुस्थानचा आणि पलीकडचा पोर्तुगालचा!

आम्हां मुलांना ती रेघ ठाऊक नव्हती. आम्हांला ठाऊक होती ती तर. तरीत बसायचे, पाण्यात हात बुडवायचे, आणि हात सुकण्याच्या आत आत्याच्या गावाकडची वाट धरायची. माझी आत्या पलीकडे पेडणे महालात दिली होती. चतुर्थी झाली की ती माहेरी यायची. भाऊबीजेला तर नेमाने यायचीच. येताना केळ्यांचा घड आणि आम्हां पोरांसाठी गोव्याचा खाजा आणायची. माझे वडील तिचे एकुलते एक भाऊ.

१९५५ साली मी दहा वर्षांचा होतो. त्या साली ती भाऊबीजेला आली नाही.

आमच्या पडवीत संध्याकाळी चारदोन माणसे जमत. शाळेचे मास्तर मुंबईचे वर्तमानपत्र मोठ्याने वाचीत. ते यायचे एक-दोन दिवस शिळे होऊन, पण ऐकणाऱ्यांना ते ताजेच असे. त्या वर्षी गोव्याखेरीज दुसरा विषयच नव्हता. आदल्या वर्षी १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी आमच्या खाडीच्या मुखावरील तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला होता. मग मे महिन्यात नानासाहेब गोरे तुकडी घेऊन गोव्यात शिरले, त्यांच्यामागून इतर गेले. आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले सत्याग्रही निरनिराळ्या नाक्यांवरून हद्दीत घुसले. बांद्याहून पत्रादेवीला जी तुकडी गेली, तीत पंजाबचा कर्नेलसिंग होता. पोर्तुगीज शिपायांनी नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. त्या एका दिवसात वीसांवर माणसे मेली; कर्नेलसिंग त्यांतलाच.

त्यानंतर हद्द बंद झाली. आमची तर काठावर ओढून पालथी घातली गेली.

एके संध्याकाळी वडिलांनी विचारले, ‘‘मास्तर, एवढा मोठा हिंदुस्थान, आणि टीचभर पोर्तुगाल. मग सरकार थांबले आहे कशासाठी?’’

मास्तरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘‘पोर्तुगाल एकटा नाही, अण्णा. तो नाटोत आहे.’’

आजी कोपऱ्यात वाती वळीत बसली होती. तिने मान वर केली. ‘‘ह्यो नाटो मेलो कोण? आणि माझ्या चेडवाच्या आड कित्याक येता?’’

सारी पडवी हसली. मास्तरही हसले. मात्र आजी हसली नाही.

नाटो कोण?

आजीच्या त्या प्रश्नाचे उत्तर मी पुढे पुष्कळ वर्षे शोधीत राहिलो. ते थोडक्यात असे आहे.

दुसरे महायुद्ध संपले आणि रशियाचे भय पश्चिम युरोपात पसरले. तेव्हा अमेरिका, कॅनडा आणि युरोपातले दहा देश मिळून बारा जणांनी ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनला एक करार केला. तीच उत्तर अटलांटिक करार संघटना, म्हणजे नाटो. तिच्या पाचव्या कलमाचे सार असे, की एकावर झालेला सशस्त्र हल्ला हा साऱ्यांवरचा हल्ला समजावा. कराराच्या आरंभी लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य यांचा जयघोष आहे. आणि सह्या करणाऱ्या त्या बारांत पोर्तुगाल होता! तिथे १९३२ पासून सालाझार हा एकटा माणूस राज्य करीत होता. निवडणुका नावापुरत्या, वर्तमानपत्रांवर पहारा, विरोधक तुरुंगात. मग त्याला पंक्तीला पाट कोणी मांडला?

पाट मांडला अझोरेस बेटांनी. अटलांटिक महासागराच्या मध्यावर ही पोर्तुगालची बेटे आहेत. अमेरिकेहून युरोपकडे निघालेल्या विमानांना तेल भरण्यासाठी तिथल्या लाजेस विमानतळासारखी दुसरी सोयीची जागा नव्हती. ज्याच्या अंगणात गावाची विहीर असते, त्याच्या स्वभावाची चौकशी गाव फारशी करीत नाही. तशातलाच हा प्रकार.

सालाझार मोठा हिशेबी. १९५१ साली त्याने राज्यघटना बदलून घेतली आणि वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ असे नाव दिले. गोवा ही वसाहत नाही, तो पोर्तुगालच आहे, असा त्याचा युक्तिवाद. गोव्याला हात लागला की पोर्तुगालला हात लागला, आणि पोर्तुगालला हात लागला की नाटोला. अशी ती साखळी त्याला जोडायची होती.

पण साखळीची एक कडी मुळातच नव्हती. कराराच्या सहाव्या कलमात संरक्षणाची हद्द आखून दिलेली आहे. युरोप आणि उत्तर अमेरिकेतला मुलूख, आणि उत्तर अटलांटिकमधली कर्कवृत्ताच्या उत्तरेकडची बेटे. युरोपाबाहेर फ्रान्सच्या ताब्यातला अल्जीरिया तेवढा त्यांनी नाव घेऊन आत घातला. म्हणजे लिहिणारांना वसाहतींचा विसर पडला होता असे नव्हे. अल्जीरिया घातला, गोवा घातला नाही. कागदापुरते पाहिले तर आमच्या खाडीशी नाटोचा काडीचाही संबंध नव्हता!

मग तर का बंद?

वाचकहो, कागदावर नसलेली गोष्टही कधी कधी पहारा करते. नाटोची फौज गोव्यात आली नाही, पण नाटोचा मुलाहिजा आला. अमेरिकेला अझोरेस हवे होते. म्हणून सालाझारला दुखवायचे नव्हते. १९५५ च्या नोव्हेंबरात रशियाचे बुल्गानिन आणि क्रुश्चेव्ह आपल्याकडे पाहुणे म्हणून आले आणि गोवा हिंदुस्थानचाच, असे जाहीरपणे बोलून गेले. रशिया हे बोलला, म्हणून अमेरिकेला उलटे बोलणे भाग झाले. २ डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर एक संयुक्त पत्रक काढले. त्यात गोव्यासारख्या मुलखांचा उल्लेख पोर्तुगालचे प्रांत असा होता. पाठोपाठ पत्रकारांशी बोलताना डलेससाहेबांनी गोवा सुमारे चारशे वर्षे पोर्तुगीज आहे, अशी पुस्तीही जोडली.

चारशे वर्षे! डलेससाहेबांना आमच्या आत्याचे गाव ठाऊक नव्हते, त्याला त्यांचा इलाज नव्हता. पण पेडणे महाल सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी खाडीच्या दोन्ही काठांना एकच धनी होता. तिसवाडीचा इतिहास साहेबांनी आमच्या आत्याच्या दारावर चिकटवला!

पण सारा दोष परक्यांच्या माथी मारून मोकळे होणेही खरे नाही. सालाझार हटवादी होता, हे पहिले. आणि दुसरे असे, की हद्द बंद केली ती आपल्याच सरकारने. पंडितजींना युद्ध नको होते. जगाला शांततेचा उपदेश करणाऱ्या देशाने शस्त्र उचलावे कसे, हा त्यांचा पेच होता. म्हणून नाकेबंदी. ती सालाझारला किती जाणवली, देव जाणे. आजीला मात्र पुरती जाणवली. आत्याचे क्षेमकुशल मुंबईच्या एका नातेवाइकामार्फत, महिन्यादोन महिन्यांनी कळायचे. रात्री वारा पडला की आजी खाडीच्या काठी जाऊन उभी राहायची. पलीकडे एखादा दिवा हलताना दिसे. ‘‘तां आमचांच चेडू,’’ असे ती म्हणायची. तो दिवा कोणाचा होता, कोणास ठाऊक! आत्याचे घर काठापासून चांगले कोसभर आत होते. पण हे तिला सांगायचे कोणी?

१९५९ च्या पावसाळ्यात आजी गेली. निरोप पलीकडे पोहोचला तेव्हा तेराव्याचे जेवणही होऊन गेले होते.

पाहुणा आलाच नाही

१९६१ च्या नोव्हेंबरात पोर्तुगीजांनी अंजदीव बेटावरून आपल्या ‘साबरमती’ आगबोटीवर गोळीबार केला. मागाहून एक कोळी त्यांच्या गोळीने मेला. डिसेंबरात आमच्या भागातून लष्करी गाड्यांच्या रांगा दोडामार्गाकडे निघाल्या. १७ च्या मध्यरात्रीनंतर फौजा आत शिरल्या. दोडामार्गाकडून पॅराशूट ब्रिगेड उतरत गेली ती १९ तारखेला पणजीत. सालाझारने शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम धाडला होता. पण गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो मानला नाही. त्या संध्याकाळी त्यांनी शरणागती दिली. पुष्कळ जीव वाचवले, आणि मायदेशी जाऊन त्याची शिक्षा भोगली.

आणि नाटो? ज्याच्या नावाने सहा वर्षे आमची पडवी कुजबुजत होती, तो कुठे होता? लढायला कोणी आले नाही. इंग्लंडशी पोर्तुगालची दोस्ती १३७३ पासूनची. पण कॉमनवेल्थमधल्या देशाशी लढायला इंग्लंडने नकार दिला. मात्र १८ तारखेला न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा समितीपुढे ठराव आला: युद्ध थांबवा, हिंदी फौजा मागे घ्या. मांडणारे चार देश: अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कस्तान. चौघेही नाटोचे सभासद! बाजूने सात मते पडली, विरुद्ध चार: रशिया, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. रशियाच्या नकाराधिकाराने ठराव बारगळला. फौजेने न आलेला नाटो मतपेटीपुरता हजर राहिला, एवढेच.

पुढच्याच वर्षी चीनने आपल्यावर हल्ला केला, आणि आपण शस्त्रांसाठी त्याच अमेरिकेच्या आणि इंग्लंडच्या दारी गेलो. त्यांनी ती दिलीही. तेव्हा मास्तर म्हणाले, ‘‘राष्ट्रांना मित्र नसतात रे, गरजा असतात.’’ पोर्तुगालचेही तसेच. १९७४ साली तिथली हुकूमशाही उलथली, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला नव्या सरकारने गोवा भारताचा असल्याचे करारावर सही करून मान्य केले. पोर्तुगाल नाटोत होता तसाच राहिला. कोणाचे काही अडले नाही. मग आधी जे अडले होते, ते कशासाठी?

आता आरोंद्याहून किरणपाण्याला पूल आहे. गाडीने पलीकडे जायला दोन मिनिटेही लागत नाहीत. नाटोत आज बत्तीस देश आहेत. वर्तमानपत्रात त्या नावाचा मथळा दिसला की मी पहिल्याने नकाशा काढतो, आणि पाहतो, कुठल्या खाडीवरची कुठली तर या वेळी पालथी घातली आहे.

१९६२ च्या भाऊबीजेला आत्या आली. चीनच्या लढाईचे दिवस, घरात कोणाचे चित्त थाऱ्यावर नव्हते. तरी तिने पाट मांडला, रांगोळी घातली, आणि आजीच्या समईत वात लावून वडिलांना ओवाळले. वडिलांनी तबकात एकेक करून आठ रुपये ठेवले. ती म्हणाली, ‘‘इतके कित्याक, अण्णा?’’

‘‘एक औंदाचो,’’ वडील म्हणाले, ‘‘आणि सात मागचे.’’

आत्याने रुपये मोजले नाहीत. तबक खाली ठेवले आणि आजी वाती वळायला बसायची, त्या कोपऱ्यात जाऊन बसली.