छावणीतला साहेब आणि जमिनीखालची माणसं

हिंगोलीत पत्ता विचारा, लोक नकळत छावणीचाच नकाशा सांगतात. रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा. रिसाला म्हणजे घोडदळ, तोफखान्याला खुलाशाची गरज नाही आणि पेन्शनपुरा हे नाव तर नोकरी संपवून इथंच टेकलेल्या शिपायांची आठवण देतं. पगार निजामाचा आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज इथं होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती ब्रिटिश हिंदी लष्करात विरघळली. फौज गेली, नावं राहिली. ज्योतिर्लिंगासाठी औंढ्याला जाणारा भाविक आणि हळद घेऊन मोंढ्यात येणारा शेतकरी आजही त्याच नावांमधून वाट काढतो.

१८३० च्या सुमारास या छावणीत विशी ओलांडलेला एक अधिकारी होता, फिलिप मेडोज टेलर. जन्म १८०८ चा, लिव्हरपूलचा. पंधराव्या वर्षी तो मुंबईत उतरला तो एका व्यापाऱ्याकडे कारकुनी करायला. तिथं काही जमण्यासारखं नव्हतं. ओळखीपाळखीतून १८२४ मध्ये त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली. कंपनी सरकारचे अधिकारी या फौजेतल्यांना जरा खालच्या पायरीवरचे समजत. टेलरच्या ते पथ्यावर पडलं असं मला वाटतं. बढतीच्या शिडीवर फारसं चढता येत नव्हतं, म्हणून तो आजूबाजूला बघत राहिला. हिंदुस्थानी शिकला, बाजारात रमला.

त्याच बाजारात हरिसिंग नावाचा एक कापडव्यापारी होता. पत असलेला माणूस. छावणीतले साहेब लोक त्याच्याकडून माल घेत, टेलरही घेई. एकदा या हरिसिंगाने मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना मागितला. मुलकी कारभार कॅप्टन रेनॉल्ड्सकडे होता, त्याने तो दिला. माल खरोखरच मुंबईहून निघालेला होता, पण तो हिंगोलीजवळच्या एका गावच्या व्यापाऱ्याचा. हरिसिंगाला त्याची खबर होती. वाटेत तो व्यापारी, त्याचे नोकर आणि बैल हाकणारे असे सगळे मारले गेले. माल सरकारी परवान्यावर हिंगोलीत आला आणि छावणीतच राजरोस विकला गेला.

हरिसिंगाची, म्हणजे वाटसरूंना मारून लुटणाऱ्या ठगांची, टोळी उघडी पडली तेव्हा हे बाहेर आलं. माफीचे साक्षीदार झालेल्यांनी छावणीपासून काहीशे पावलांवरच्या जागा दाखवल्या. इथं खणा, आता इथं. पहाऱ्यावरच्या शिपायाची हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर माणसं पुरलेली होती. काही खड्डे उघडताना टेलर स्वतः हजर होता. साक्षीदार किती थंडपणे एकेक जागा दाखवत होते, याचा धक्का त्याने पुढे लिहून ठेवला. पण मला जास्त टोचतो तो त्याच्या आधीचा भाग. गाव ओळखतो असं समजणाऱ्या माणसाने मेलेल्या व्यापाऱ्याचं कापड हातात घेऊन भाव केला असणार.

या सगळ्यातून १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी आली. अमीर अली नावाचा ठग एका साहेबाला आपली हकिगत सांगतो, एवढाच तिचा सांगाडा. इंग्लंडमध्ये ती तुफान खपली. राणी व्हिक्टोरियाने छापखान्यातून कच्ची पानं निघतील तशी मागवून वाचली. मात्र एक सावधगिरी हवी. ठगांबद्दलची बरीचशी माहिती जीव वाचवण्यासाठी बोलणाऱ्या साक्षीदारांकडून आली होती, आणि संबंध देशभर पसरलेला, देवीच्या नावाने खून करणारा एकच पंथ खरोखर होता का, यावर अलीकडचे इतिहासकार शंका घेतात. वाटमारी होती, खून होते. त्यावर चढवलेला पंथाचा साज किती खरा, हा वाद अजून मिटलेला नाही.

हिंगोलीनंतरचा टेलर मात्र कादंबरीपुरता उरत नाही. १८५३ च्या करारानंतर निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या हाती दिला आणि तिथला कारभार टेलरकडे आला. १८५७ पर्यंत तो तिथं होता. नळदुर्ग ज्याने पावसाळ्यात पाहिला आहे त्याला सांगायला नको. बोरी नदीवर आदिलशाहीत बांधलेला बंधारा, त्याच्या पोटात पाणीमहाल, आणि डोक्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे. पाणी अंगावर येतंय असं वाटतं आणि आत उभा माणूस कोरडा! शेजारच्या तुळजापूरची पार्श्वभूमी त्याने पुढे ‘तारा’ या कादंबरीला दिली. १८६६ मध्ये विजापूरच्या इमारतींवर छायाचित्रांचा एक भारदस्त ग्रंथ निघाला. त्यात वास्तूंवर जेम्स फर्ग्युसनने लिहिलं आणि इतिहासाची बाजू टेलरने सांभाळली.

असे अधिकारी बऱ्याच वसाहतींमध्ये सापडतात. मोरोक्कोत रोबेर मोंताञ नावाचा फ्रेंच नौदल अधिकारी अ‍ॅटलास पर्वतातल्या बर्बर टोळ्यांमध्ये हिंडला आणि १९३० मध्ये त्याने त्यांच्या खेड्यांवर व मातीच्या गढ्यांवर पुस्तक लिहिलं. गढी कुणाची, कोठार सामाईक की एका सरदाराचं, यावरून सत्ता कुणाच्या हातात ते कळतं. ते कळलं की राज्य करणं सोपं जातं. कुतूहल खरं आणि नोकरीही खरी. एकच माणूस दोन्ही करत होता.

टेलरच्या बाबतीत हे सुरपूरला फार बोचरं झालं. आज कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात असलेल्या या संस्थानाचा कारभार त्याने १८५३ पर्यंत बघितला. बालराजा व्यंकटप्पा नायक त्याच्याच देखरेखीत वाढला आणि त्याला ‘अप्पा’ म्हणायचा. १८५८ मध्ये त्याच राजाने बंड केलं, पकडला गेला, आणि टेलर त्याला तुरुंगात भेटायला गेला. राजा कैदेतच गोळी लागून मेला. सुरपूरच्या टेकडीवरचा टेलर मंझिल अजून उभा आहे.

सुरपूरच्या मुक्कामातच, १८५० च्या आगेमागे, तो पुन्हा खड्ड्यांकडे वळला. जेवरगी आणि आसपासच्या माळांवर दगडांची वर्तुळं आणि मोठ्या शिळांच्या खोल्या होत्या. गावकरी म्हणत, ही मोरी लोकांची घरं. वीतभर उंचीची माणसं होती ती. त्या काळी अशा ठिकाणी खणायचं म्हणजे वरून भोक पाडायचं आणि भांडं-भाला हाती लागला की निघायचं. टेलरने ढीग मधोमध कापला. वर सुट्या दगडांचा थर, खाली माती, त्यात कोणता सांगाडा कोणत्या बाजूला, कुणाचं डोकं धडापासून वेगळं, तळाशी राख, मडकी, लोखंड, असं सगळं त्याने उभ्या छेदात जसंच्या तसं काढलं. हिंगोलीच्या खड्ड्यांनी त्याला ही नजर दिली असं म्हणायला कागदोपत्री पुरावा नाही. पण वेगळ्या पडलेल्या डोक्यांवरून त्याने माणसं बळी दिली असावीत असा निष्कर्ष काढला, तेव्हा मला हिंगोली आठवल्याशिवाय राहत नाही.

हे सगळं त्याने डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत मांडलं. युरोपात असेच दगड आहेत, तेव्हा बांधणारे केल्ट असतील, नाहीतर सिथियन, असा त्याचा तर्क. तो पार चुकला. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळंही ज्या परंपरेतली, त्या दख्खनच्या लोहयुगातल्या लोकांचीच ती दफनं होती. पण शंभर वर्षांनी मॉर्टिमर व्हीलरने, भारताच्या पुरातत्त्व खात्याची धुरा वाहिलेल्या माणसाने, उत्खनन कसं नोंदवावं हे सांगताना टेलरच्या छेदचित्रांना दाद दिली. मोरींची वीतभर माणसं गेली, साहेबाचे सिथियनही गेले. त्याने काढलेले मातीचे थर मात्र आजही वाचता येतात.