फायरवॉलची परीक्षा आभासी जाळ्यावर

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून शिरून जगभरातील संगणकांतील दप्तर कुलूपबंद केले व खंडणी मागितली. असा शिरकाव रोखणारी 'फायरवॉल' ही जाळ्याच्या वेशीवरील पहारेकरीच होय. तिची परीक्षा मात्र चालू कार्यालयात घेणे इष्ट नव्हे. त्यासाठी एकाच संगणकावर 'व्हर्च्युअलबॉक्स'द्वारे तीन आभासी यंत्रे उभारावीत : बाहेरचा संगणक, मध्ये फायरवॉल व आतला सर्व्हर. हे जाळे खऱ्या जाळ्यापासून अलग ठेवावे. बाहेरून ४४३ व ४४५ या पोर्टांकडे कृत्रिम संदेश धाडावेत. संकेतस्थळासाठी लागणारा पहिला आत जावा, दुसरा अडावा. बहुतेक फायरवॉल नियम वरून खाली तपासतात. पहिला जुळणारा नियम लागू होतो. 'सर्वांना प्रवेश' हा नियम चुकून वर राहिल्यास खालची मनाई निष्फळ ठरते. ही चूक येथेच उमगली, तर कार्यालयाचे दप्तर सुरक्षित राहते.