आमचं उदगीर बीदर जिल्ह्यात होतं!

आजचा भाग घरातल्या एका कागदामुळं सुचला. पप्पा माझ्या चुलत भावाच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद शोधत होते. ओबीसी दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. ट्रंकेत एक पावती सापडली, तिच्यावर लिहिलेलं: तालुका उदगीर, जिल्हा बीदर. मला वाटलं, कारकुनाची चूक. आपलं उदगीर तर लातूर जिल्ह्यात ना!

चूक माझीच होती. निजामाच्या राज्यात लातूर हा जिल्हाच नव्हता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तीन तालुके बीदरमध्ये. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषेनुसार हैदराबाद राज्य फोडलं. बीदर म्हैसूर राज्यात गेलं, हे तीन मराठी तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबादला जोडले गेले. उदगीरच्या माणसाला बीदर जवळ, उस्मानाबाद मात्र पार लातूरच्या पलीकडं. कलेक्टर ऑफिसच्या एका कामात अख्खा दिवस! १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला, तेव्हा कुठं हे अंतर कमी झालं.

नांदेडमध्ये कात्री अजून बारीक चालली. तिथं तालुकेसुद्धा चिरले. देगलूर तालुका आपल्याकडं, पण त्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं आंध्रात. मुधोळ, भैंसा, कुबेरही तिकडंच. म्हणून बासरच्या सरस्वतीला जाताना आज तेलंगणाची हद्द लागते. उलट किनवट आदिलाबादमधून आपल्याकडं आलं. बेल्जियममध्येही १९६३ मध्ये भाषेवरूनच असे भाग या प्रांतातून त्या प्रांतात हलवले, म्हणजे हा उद्योग फक्त आपलाच नाही.

मांजरेला यातलं काही माहीत नाही. बीडच्या बालाघाटात उगम, मग लातूर, बीदर, तेलंगणातून मोठा वळसा, आणि नांदेडच्या कडेनं येऊन गोदावरीला मिळते.

तर जुना कागद शोधताना आधी दोन गोष्टी विचारा: गाव कोणतं, आणि साल कोणतं. १९५६ च्या आधीचं असेल तर आजच्या जिल्ह्याचं नाव धरून बसू नका. नोंदी उर्दूत किंवा मोडीत असू शकतात. आम्हाला एका ऑफिसात सांगितलं, "रजिस्टर आहे, वाचणारा नाही." शेवटी शेजारच्या गल्लीतल्या रिटायर्ड उर्दू मास्तरांना सोबत नेलं. त्यांनी चष्मा पुसला, बोट फिरवत फिरवत चौथ्या पानावर थांबले आणि पणजोबांचं नाव मोठ्यानं वाचलं.